बोटं जिवंत हायेत

उमरेडवाली सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली की तिच्या उजव्या हाताचं पहिलं बोट टेबलावर आपोआप चालू लागायचं. थोडं पुढे, मग थांबून डावीकडे, पुन्हा थांबून उजवीकडे, मग परत पुढे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, हिला ही खोडच असेल, काही माणसं बसल्या बसल्या पाय हलवतात तशी. पण एकदा ती पाणी प्यायला उठली आणि मी तिच्या जागेवर बसून आत डोकावले. काचपट्टीवर कोंबडीच्या गर्भातली एक नस वाढत होती. म्हणजे वाढत असावी, कारण पाच मिनिटं टक लावूनही मला काही हललेलं दिसलं नाही. ती परत आली, आत पाहिलं, आणि म्हणाली, "थोडी उजव्या अंगाले वळली ना ताई?" मी नुसतं "हं" म्हटलं. त्या दिवशी माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते पुढची तीन वर्षं थांबलं नाही.

सरळच सांगते, मला तिचा हेवा वाटायचा. आता या वयात लपवून काय करायचं आहे? आमच्या प्राणिशास्त्र विभागात सगळे तिला उमरेडवालीच म्हणायचे, म्हणून मीही इथे तेच म्हणते. ती उमरेडहून रोज एसटीनं यायची. मी नागपूरच्या जुन्या महाल भागातली. बी.एस्सी.ला पहिली, एम.एस्सी.ला पहिली, आमच्या सरांकडे पीएच.डी.साठी लागलेली पहिली मुलगी. पहिलं असण्याची मला इतकी सवय झाली होती की विभागात दुसरी मुलगी आली, याचाच मला आधी राग आला. तिचे गुण कळायला लागले ते नंतर, आणि तेव्हा तर रागाला काही सुमारच उरला नाही.

काम काय होतं ते थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. पिलू अंड्यात असतं तेव्हा त्याच्या कण्याजवळून एक नस निघते आणि वाट काढत पार पायाच्या बोटापर्यंत पोचते. तिला रस्ता कोण दाखवतं, हा आमच्या सरांचा आयुष्यभराचा प्रश्न. नसेच्या टोकाला उघड्या पंज्यासारखा एक भाग असतो, त्याला बारीक बोटं फुटलेली असतात. ती बोटं पुढे येतात, चाचपतात, आवडलं नाही की आत जातात. आणि मागच्या लांब दोऱ्यात पेशीचा आपला स्वतःचा सांगाडा असतो. हाडांचा नव्हे, अतिशय बारीक नळ्यांचा. बोटांना पकड मिळाली की मागून त्या नळ्या सरकत येतात आणि नस तेवढी पुढे जाते. नळ्या पाहायच्या तर फार मोठं यंत्र लागतं, ते तेव्हा नागपुरात आमच्या नशिबी नव्हतं. आम्हाला दिसायची ती फक्त बोटं.

हे सगळं सरांनी तिला पहिल्या आठवड्यात फळ्यावर काढून समजावलं. मी तेच एक वर्षापूर्वी इंग्रजीत वाचून पाठ केलं होतं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे सर, समोरचे बोटं चाचपून राह्यले, अन् मागून ताणा भरून राह्यला." तिच्या घरी हातमाग होता. मागावर आधी ताणलेलं उभं सूत म्हणजे ताणा, तो नसला तर कापड नाही. सर खडू हातात धरून तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "वा!" मला दोन वर्षांत सरांनी "ठीक" याच्या वर काही दिलं नव्हतं. त्या दिवसापासून विभागात सगळे ताणाच म्हणायला लागले, शिपाईसुद्धा. मी शेवटपर्यंत म्हणाले नाही.

ती पहिल्या एसटीनं यायची, मांडीवर टोपली, टोपलीत धानाचा कोंडा आणि कोंड्यात अंडी. तिच्या मायनं, म्हणजे आईनं, खास या कामासाठी कोंबड्या पाळल्या होत्या. कोणत्या कोंबडीनं कधी अंडं दिलं ते माय टरफलावर कोळशानं रेघा ओढून ठेवायची, कारण तिला लिहिता येत नव्हतं. एसटीचा कंडक्टर तिला समोरची खिडकी राखून ठेवी आणि खड्डा आला की ड्रायव्हरला ओरडून सांगे, "हळू गा, अंडे हायेत!" ही हकीकत ती हसत हसत सांगायची आणि सगळा विभाग हसायचा. माझी अंडी मी सक्करदऱ्याच्या एका पोल्ट्रीवाल्याकडून आणायचे, सायकल रिक्षात. माझ्यासाठी कोणी कधी हळू गाडी हाकली नाही.

बोलणं तर काय सांगू! परिसंवादाला बाहेरगावचे प्राध्यापक आलेले, आणि ही उभी राहून म्हणते, "याले आपण हात लावला की हे आपले बोटं आखडून घेते. काहून आखडते, ते मले अजून समजलं नाही." मी मान खाली घातली. वाटलं, आता हसतील. कोणी हसलं नाही. एक म्हातारे प्राध्यापक उठून तिच्या टेबलाशी गेले आणि अर्धा तास तिच्या वहीतली चित्रं पाहत बसले. माझ्या निबंधाला टाळ्या पडल्या, पण माझ्या टेबलाशी कोणी आलं नाही.

तिची चित्रं हा एक वेगळाच ताप होता. आमच्याकडे सूक्ष्मदर्शकाला लावायचा कॅमेरा नव्हता, म्हणून पाहून काढायचं. मी काढलेली नस झाडाच्या मुळासारखी दिसायची. ती एकच रेघ ओढायची आणि रेघ जिवंत वाटायची. दर पाच मिनिटांनी एक चित्र, सकाळपासून दुपारपर्यंत. मी एकदा चिडून म्हटलं, "एवढं काय बसायचं त्याच्यापाशी?" ती म्हणाली, "थांबा ना ताई, ते कुठं पळून राह्यलं?" हे तिचं नेहमीचंच होतं. डबा खायला चला म्हटलं तरी हेच, पाऊस येतोय निघ म्हटलं तरी हेच. घाई करताना मी तिला कधी पाहिलं नाही.

नागपूरचा उन्हाळा ज्यांनी पाहिलाय त्यांना हे पटेल. गर्भ ठेवायची उबेची पेटी सदतीस-अडतीसवर राखायची असते. जगभर लोक ती गरम कशी ठेवायची याच्या काळजीत असतात. आमच्याकडे मे महिन्यात खोलीच चव्वेचाळीस, आणि पेटी गार कशी ठेवायची ही पंचाईत. माझं तीन आठवड्यांचं काम एका दुपारी शिजून गेलं, अक्षरशः उकडलेल्या अंड्याचा वास आला. उमरेडवालीनं आपली पेटी खिडकीला लावलेल्या वाळ्याच्या ताट्यांशी सरकवली, खाली ओली रेती घातली आणि दर अर्ध्या तासानं ताट्यांवर पाणी मारत बसली. लाइट गेली की पुठ्ठ्यानं वारा घालायची. तिचा एकही गर्भ गेला नाही. आणि वर मलाच म्हणते, "ताई, तुमची पेटीबी इकडं आणून ठेवा ना, मी दोन्हीले वारा घालतो." मी ठेवली. न ठेवून करणार काय? पण त्या उपकाराचा मला तिच्या हुशारीपेक्षाही जास्त राग आला.

मग बंगलोरची गोष्ट निघाली. तिथल्या एका प्रयोगशाळेत नळ्या पाहायचं ते मोठं यंत्र आलं होतं आणि आमच्या सरांच्या एका विद्यार्थ्याला दोन वर्षांसाठी जागा मिळणार होती. एकालाच. सर म्हणाले, "दसऱ्यापर्यंत तुम्हा दोघींचं काम पाहतो, मग ठरवतो." मी त्या रात्री जेवले नाही. घरी माझ्या लग्नाची घाई चालली होती, बंगलोर हाती लागलं तर दोन वर्षं तरी सुटका होती. आणि नाही मिळालं तर एखाद्या कॉलेजात बेडूक कापायला शिकवत आयुष्य जाणार हे मला स्वच्छ दिसत होतं. उमरेडवालीला ती जागा हवी होती की नाही कोण जाणे. विचारलं तर म्हणाली, "ते यंत्र एकदा पाहाले भेटलं तर मजा येईन." मजा! माझा जीव टांगणीला लागला होता आणि हिला मजा यायची होती.

माझं काम वेगळं होतं. मी वाढत्या पेशींतली गुणसूत्रं मोजायचे. पेशी दोन व्हायच्या ऐन वेळी तिला थांबवावं लागतं, आणि त्यासाठी आम्ही कोल्चिसिन नावाचं औषध वापरायचो. कळलावीच्या कंदात असतं तेच विष. पेशीतल्या नळ्या ते मोडून टाकतं, कणभरही पुरतं. त्यामुळे माझ्या पिपेटी, म्हणजे थेंब टाकायच्या काचेच्या बारीक नळ्या, वेगळ्या ठेवाव्या लागायच्या. मी त्यांच्या मानेला लाल नेलपॉलिशचं कडं काढून ठेवलं होतं. धुणं मात्र एकाच परातीत व्हायचं.

भाद्रपदातल्या एका दुपारी मला बघायला पाहुणे येणार होते. आईनं बजावलं होतं, चारच्या आत घरी ये. मी पिपेटी घाईघाईनं धुतल्या आणि लवकर वाळाव्या म्हणून अॅसिटोननं पुसल्या. घरी पोचल्यावर पदराला लागलेला गुलाबी डाग दिसला तेव्हा ध्यानात आलं, नेलपॉलिश निघालं. म्हणजे माझ्या पिपेटी आता परातीत बाकीच्यांसारख्याच दिसत असणार. उद्या सकाळी लवकर जाऊन वेगळ्या करू, असं म्हटलं. पाहुण्यांनी पोहे खाल्ले आणि नकार कळवला. दुसऱ्या दिवशी माझं डोकं इतकं फिरलेलं होतं की मी पिपेटींचं विसरूनच गेले. इथपर्यंत माझा दोष नाही. माझा दोष इथून पुढे आहे.

चार-पाच दिवसांनी उमरेडवाली पहिल्यांदाच गोंधळलेली दिसली. "ताई, पाहा ना वं, काय होऊन राह्यलं." मी पाहिलं. चांगल्या वाढलेल्या नसा मधूनच सुरकुतल्या होत्या, मण्यामण्यांच्या झाल्या होत्या, मागे ओढल्या गेल्या होत्या. नळ्या मोडल्यावर काय होतं ते मला वर्षभर रोज दिसत होतं, त्यामुळे मला ओळखायला क्षणही लागला नाही. मी तिच्या हाताकडे पाहिलं. हातात पिपेट होती, तोंडाशी टवका उडालेली. माझी. मी ती जानेवारीत नळावर आपटली होती.

तेव्हा तोंड उघडायचं होतं. दोन वाक्यांचं काम होतं. "अगं, ही माझी आहे. नव्या घे." मी म्हटलं, "उद्या पाहू," आणि माझ्या टेबलाशी जाऊन बसले. छाती धडधडत होती आणि त्या धडधडीत आनंदही होता, हे मला लिहावंच लागेल. घरी जाताना मी रिक्षावाल्याशीसुद्धा गोड बोलले.

ती रोज कारण शोधायची. पेटी तपासली, पाणी बदललं, नसा वाढवायला कोंबड्याच्या रक्तातून जो द्रव काढायचो तो नवीन काढला. एक दिवस म्हणाली, "ताई, आमच्या गावाजवळ कोळशाच्या खाणी हायेत. हवेत धूळच धूळ. माय तर टरफलावर कोळशानंच रेघा ओढते. त्यातलं काही आत जात असन का?" आता अंड्याच्या टरफलावरच्या कोळशानं नस सुरकुतायची असती तर उमरेडमध्ये एकही पिलू चाललं नसतं. हे तिलाही कळलं असतं, पण माणूस हरला की काहीही मानतो. मी म्हटलं, "असेल बाई. कोळशाचंच असेल. मलाही तेच वाटत होतं."

सोमवारी ती टोपलीशिवाय आली. मायनं सगळ्या कोंबड्या नात्यात वाटून टाकल्या होत्या. "तुझ्या कामाले खोट लागून राह्यली तर ठेवू कायले," असं म्हणाली म्हणे. उमरेडवाली हे सांगताना हसली नाही. "ताई, तुमच्या त्या सक्करदऱ्यावाल्याकडून मलेबी अंडी आणून द्याल का?" मी आणून दिली. तिच्या डब्यातली भाकर-ठेचाही त्या दिवशी मी खाल्ला. घशाखाली उतरला, तेच मला नंतर जास्त लागलं.

सक्करदऱ्याच्या अंड्यांतल्या नसाही सुरकुतल्या. साहजिकच होतं. दुसरं कोणी असतं तर बिघडलेल्या काचपट्ट्या टाकून नव्या लावल्या असत्या. मी स्वतः तेच करत आले होते, खराब झालं की टाका आणि पुढचं घ्या. उमरेडवालीनं एक बिघडत चाललेली नस घेतली आणि तिच्यासमोर मांड ठोकून बसली. सकाळी नऊ ते दुपारी तीन. चहासुद्धा नाही. मी कितीदा तरी उठून तिच्या मागून चक्कर मारली. तिचं पहिलं बोट टेबलावर होतं, पण चालत नव्हतं. चारही बोटं जागच्या जागी वळवळत होती.

तीन वाजता तिनं मला हाक मारली. "ताई, हे मरून नाही राह्यलं. इकडं या. मागचा ताणा सुटला, पण बोटं पाहा. बोटं जिवंत हायेत." मी पाहिलं. पहिल्यांदा मला ती हालचाल दिसली, का कोण जाणे. मागचा दोरा कोसळून गेलेला आणि टोकाची बोटं मात्र अजून पुढे येत होती, चाचपत होती, आत जात होती, जणू मागे काही घडलंच नाही. मी वर्षभर ते विष वापरत होते. माझ्या हातात ते रोज होतं. नस बोटांनी वाट शोधते आणि नळ्यांच्या जोरावर ती टिकवते, ही दोन कामं वेगळी आहेत, दोन वेगळ्या गोष्टींची आहेत, हे दाखवायला तेवढा एक थेंब पुरला असता. माझ्या डोक्यात ते कधी आलं नाही. माझं डोकं तिच्यातच गुंतलेलं होतं.

आणखी दहा-बारा दिवस ती कोणाशी फारशी बोलली नाही. मग दसऱ्याच्या आधी सरांपुढे वही ठेवली. डाव्या पानावर एका पिपेटीनं थेंब दिलेल्या नसा, उजव्या पानावर दुसरीनं दिलेल्या. डावीकडे सगळ्यांचा ताणा सुटलेला, बोटं चालू. उजवीकडे सगळं धड. सरांनी पानं तीनदा उलटली आणि विचारलं, "या पहिल्या पिपेटीत काय होतं?" मी दारात उभी होते. ती म्हणाली, "कोल्चिसिन असन सर. परातीत अदलाबदल झाली असन." माझ्याकडे तिनं पाहिलंही नाही. सर खुर्चीतून उठले. "असा अपघात मला तीस वर्षांत झाला नाही!" म्हणाले, आणि माझ्याकडे वळून, "तुमच्या बाटलीतलं थोडं द्या हिला. आता मोजूनमापून करू." मी बाटली दिली. बंगलोरचं त्या दिवशीच ठरलं.

दिवाळीनंतर ती निघाली. स्टेशनवर विभागातले पाच-सहा जण आलो होतो. तिची पत्र्याची पेटी आत ठेवली, बाकीचे चहाला गेले आणि आम्ही दोघीच खिडकीशी उरलो. मला वाटलं, आता नाही बोलले तर हे माझ्या आत कुजत राहील. मी म्हटलं, "ती पिपेट माझी होती. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं." 

ती म्हणाली, "हाव. मलेबी माहीत होतं."

"केव्हापासून?"

"सक्करदऱ्याची अंडी बिघडली तेव्हापासून. मग एसटीत बसून आठवलं. तुमी कोळशाले एकदम हो म्हणाल्या. दोन वर्षांत माझ्या एकाबी गोष्टीले तुमी एकदम हो नाही म्हणाल्या, ताई."

मी विचारलं, "मग तेव्हाच माझ्या झिंज्या का धरल्या नाहीस? सरांना का सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुमी पिपेट उचलून नेली असती. मले तर पाहायचं होतं काय होते ते." आणि ती हसली. खरं हसली, मनात काही न ठेवता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण आत खोलवर पुन्हा तेच दुखलं. माझ्या हलकटपणातूनही हिनं स्वतःसाठी काहीतरी मिळवलंच.

गाडीनं शिट्टी दिली तेव्हा तिचं हसू गेलं. खिडकीच्या गजातून हात काढून तिनं माझं मनगट धरलं. "एक करा ताई. माझं जाऊ द्या. मायले अजून वाटते, तिच्याच कोंबड्यांत खोट होती. मी सांगितलं, पण तिले वाटते पोरगी आपलं मन राखून राह्यली. तुमी जाऊन सांगा."

उमरेड म्हणजे काय, एसटीनं दीड तासाची वाट. मला तिथे पोचायला तीन महिने लागले. एकदा ताप आला, एकदा पाहुणे आले, एकदा बसस्टँडवर जाऊन पाटी पाहून परत आले. बंगलोरहून तिची पत्रं यायची. यंत्रात नळ्या दिसल्या, समांतर, अगदी ताण्यासारख्या, असं तिनं लिहिलं, सोबत चित्र. मी ते पत्र दोन दिवस उशाशी ठेवलं आणि तिसऱ्या दिवशी पेटीच्या तळाशी टाकलं. प्रत्येक पत्राच्या शेवटी एकच ओळ असायची, "मायकडे जाऊन आल्या का?"

शेवटी माघात एका रविवारी गेले. माय ओसरीवर बसून मागासाठी चरख्यावर सुताच्या कांड्या भरत होती, आतून मागाचा खटखट आवाज येत होता. बारीक बाई, उमरेडवालीचेच हात. मी कोण ते सांगितलं तर तिनं सूत न थांबवता सतरंजीकडे मान केली. मी बसले आणि एका दमात सगळं सांगितलं. पिपेट, औषध, कोळसा, सगळं. कोंबड्यांत काही खोट नव्हती, हे दोनदा सांगितलं.

चरखा थांबला. माय उठली, कुंपणाशी गेली आणि पलीकडे ओरडली, "ऐकलं का वं? नागपूरची बाई आली, सांगून राह्यली, माझ्या कोंबड्या चांगल्या होत्या!" पलीकडून कोणीतरी काहीतरी म्हटलं. माय परत येऊन बसली, सूत हातात घेतलं, पण चरखा फिरवला नाही. माझ्याकडे पाहत राहिली.

"अन् तुमी काहून केलं असं?"

काय सांगणार होते? बंगलोर सांगितलं असतं, लग्न सांगितलं असतं. मी म्हटलं, "मला तिचा हेवा वाटत होता. अजून वाटतो."

तिला आश्चर्य वाटलं नाही. तुटलेल्या सुताची दोन टोकं तिनं बोटांत घेतली, पीळ दिला, सांधा जमल्याचं पाहिलं.

"वाटनच ना," ती म्हणाली. "मलेबी वाटते तिचा हेवा. मी तिच्याएवढी होती तवापासून या ओसरीवर बसून हाव. ती उठून चालली गेली, मशिनीतून काय काय पाहते. रोज पहाटं तिले एसटीत बसवून देताना माझ्या पोटात तुटे, बाई." मग चरखा फिरवायला लागली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "पण मी तिच्यासाठी कोंबड्या पाळल्या."